दहाची तार की बाराची?

समजा, डोंबिवलीत ऐन पावसाळ्यात तुमच्या अकूस्टिक गिटारची पहिली तार तुटली. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी हवा दमट. तिथे पोलादी तार लवकर गंजते. तुम्ही दुकानात जाता. दुकानदार विचारतो, "दहाची देऊ की बाराची?"

हे आकडे तारेच्या व्यासाचे. दहाची म्हणजे ०.०१० इंच, बाराची म्हणजे ०.०१२ इंच. फरक केसाच्या जाडीएवढा! पण लांबी आणि स्वर तोच ठेवला, तर लागणारा ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० चा वर्ग १००, १२ चा १४४. तारेची लांबी ६५ सेंटिमीटर आणि कंपने सेकंदाला ३३० धरली, तर दहाच्या तारेला सुमारे साडेसात किलोग्रॅम वजनाइतका ताण लागतो, बाराच्या तारेला पावणेअकरा! म्हणून तुटलेली तार होती त्याच जाडीची नवी घ्या.

सहाव्या तारेची कंपने पहिलीच्या चौथा हिस्सा. त्याच ताणावर साधी तार चौपट जाड लागेल. पण ती सळईसारखी ताठ होऊन बेसूर वाजेल. म्हणून पोलादाच्या बारीक गाभ्यावर कांस्याची तार गुंडाळतात. वजन वाढते, लवचिकपणा टिकतो.

एक मात्र विसरू नका. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोग्रॅमचा ताण देतात. त्याने घोडी उखडू शकते.

खात्री हवी? शाळेतल्या सोनोमीटरवर एकाच धातूच्या, वेगवेगळ्या जाडीच्या दोन तारा एका स्वरात लावा आणि वजने मोजा.