हुमणीचा भुंगेरा आणि गावचा रेडिओ



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे अखेरीस वळवाचा दमदार पाऊस झाला. आता भुंगेरे बाहेर पडणार हे आम्हांला पक्के ठाऊक होते. "कडुनिंब, बाभूळ, बोरीवरचे भुंगेरे काठीने झाडून रॉकेलच्या पाण्यात टाका, सर्वांनी एकाच वेळी टाका" असा मजकूर आम्ही तयार केला, वार्तापत्रात छापला. अंक गावोगाव पोचला तेव्हा जूनचा दुसरा आठवडा संपत आला होता. एका वस्तीवर एक जुने सभासद अंक हातात धरून म्हणाले, "सायब, पेपर आला तव्हा भुंगेरे गेलते की जमिनीत." त्यावर आम्हांला उत्तर नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच शिवारात उसाची बेटे पिवळी पडली, हाताने ओढली तरी मुळासकट वर येत होती. चूक आमचीच होती. ज्या सल्ल्याला एका संध्याकाळची मुदत, तो आम्ही महिन्याच्या अंकात घातला.

हुमणीचे हे गणित नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा विषय आपोआप कळेल. भुंगेरा दिवसभर जमिनीत दडून असतो. पहिल्या जोरदार वळवानंतर दिवेलागणीला तो वर येतो, झाडावर बसून पाला खातो, तिथेच नर-मादीचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी तो परत मातीत जातो. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. वर्षाला पिढी एकच, म्हणून त्या थोड्याशा संध्याकाळी साधल्या तर वर्ष साधले. मात्र एकट्याने साधून भागत नाही. तुम्ही तुमचा निंब झाडलात आणि शेजाऱ्याने बाभूळ तशीच ठेवली, तर तिथला भुंगेरा तुमच्या सरीत येणारच. सगळ्या शिवाराला एकाच दुपारी निरोप मिळायला हवा. पूर्वी हे काम दवंडीवाला करी. आता दवंडी गेली. चिटबॉय मोटारसायकलवर फिरून फिरणार किती?

म्हणून या अंकात सामुदायिक रेडिओची माहिती देत आहोत. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. एका लहानशा खोलीत ध्वनिमुद्रणाचे साहित्य, पन्नास वॅटचे प्रक्षेपण यंत्र आणि बाहेर फार तर तीस मीटर उंचीचा मनोरा. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे परळीत केंद्र झाले तर आसपासची गावे ऐकतील, अंबाजोगाई ऐकणार नाही. शिवाय एफ.एम. लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये बालाघाटचा डोंगर आला की त्याच्या पाठच्या वस्तीवर नुसती खरखर. जागा निवडताना हे आधी पाहावे लागते. परभणी आणि बीड आकाशवाणी आपण ऐकत आलो, पण तिथून आपल्या एका शिवारापुरता निरोप कोण देणार?

याचा कायदाही थोडक्यात सांगतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठांना परवान्याची वाट मोकळी झाली. व्यक्तीला, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. त्यामुळे "कारखान्यानेच काढावा" असे जे सभासद म्हणतात त्यांना आमचे सांगणे, की हे काम एखाद्या शिक्षणसंस्थेने किंवा विज्ञान केंद्राने करावे आणि आपण पाठीशी उभे राहावे. खरं सांगायचं तर तेच बरे. रेडिओ कारखान्याच्या हातात आला की सत्कारसमारंभांची यादी सुरू व्हायला वेळ लागत नाही. (हे आम्ही आमच्याच वार्तापत्रात लिहितो आहोत, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे.)

बातम्यांवर बंधन आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात, स्वतःच्या नाही. मात्र हवामान, पाणी, वीज, परीक्षा, रोजगार, यात्रा-जत्रा, नैसर्गिक आपत्ती यांची स्थानिक माहिती देता येते. आपल्याला आणखी काय हवे? नागापूरच्या वाण धरणात पाणी किती राहिले, कोणत्या फिडरला या आठवड्यात रात्रपाळीची वीज आहे, महाशिवरात्रीला वैजनाथाच्या गर्दीत गाड्या कुठे लावायच्या. औष्णिक केंद्राच्या गावाशेजारी राहून आपण मोटारीसाठी रात्री अडीचला उठतो, निदान कोणत्या रात्री उठायचे ते तरी आधी कळेल! खर्चासाठी जाहिरातींना परवानगी आहे. २०२४ च्या नव्या नियमांत ती तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली.

आता कुणी म्हणेल, हे सगळे शहरी डोक्याचे. तसे नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ साली "माणदेशी तरंग वाहिनी" सुरू झाली. तालुका कायमचा दुष्काळी. तिथल्या बायकांनी १९९७ मध्ये आपली सहकारी बँक उभी केली होती. सह्या येत नाहीत म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला, तेव्हा त्या अक्षरे शिकून परत गेल्या. त्याच परिवाराचा हा रेडिओ. त्यावर केराबाई सरगर यांच्यासारखी न शिकलेली बाई गाणी म्हणते आणि गाव कान देऊन ऐकते.

दुसरे उदाहरण बिदरच्या पलीकडचे, आपल्यापासून फार दूर नाही. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी "संगम रेडिओ" सुरू झाला, तो दलित शेतकरी बायकांनी चालवला. बियाणे, भरडधान्य, सण आणि गाणी हे त्यांचे विषय. यातली खरी शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे. केंद्राची तयारी १९९८ लाच झाली होती, परवान्याला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत बायका हात जोडून बसल्या नाहीत. कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि गावागावच्या बैठकीत लावून ऐकायच्या.

ऐकून चर्चा करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी शेतकऱ्यांचे कार्यक्रम केले. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. गावचे मंडळ एकत्र बसून ऐके, वाद घाली आणि आपले प्रश्न केंद्राला कळवी. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे ती पंगत आपल्याला चुकली.

मोबाईल असताना रेडिओ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. निरोपाचा ग्रुप आमच्या गटातही आहे. पण त्यात सकाळी पन्नास सुप्रभात येतात आणि हुमणीचा निरोप त्यांच्याखाली गाडला जातो. शिवाय ज्या म्हातारीच्या अंगणात तो निंब आहे, तिच्या हातात फोन नसतो. ऑक्टोबरात टोळ्या गेल्या की गावात राहतात त्या ह्याच म्हाताऱ्या आणि लेकरे. उलट रेडिओचीही अडचण आहेच. नव्या पुष्कळ मोबाईलमध्ये एफ.एम. लागत नाही, संच विकत घ्यावा लागेल.

या म्हाताऱ्यांजवळ जे आहे तेही भरून ठेवण्याजोगे आहे. १९९६ साली आपल्याच जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरील ओव्या जात्यावरच्या गाण्यांच्या संग्रहासाठी ध्वनिमुद्रित झाल्या. बाहेरची माणसे शोधत आली म्हणून त्या राहिल्या. आपल्या कार्यक्षेत्रातले गोंधळी, भारूड म्हणणारे, हलगीवाले, कोणत्या नक्षत्राला कोणता पक्षी ओरडतो ते सांगणारे म्हातारे, यांना कोण शोधायला येणार?

परवाना कधी कोणाला मिळेल ते मिळो, कॅसेटची वाट आजही मोकळी आहे. ऊस विकास विभागाने ठरवले आहे की येत्या मे महिन्यात प्रत्येक गटात हुमणीवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करायचे. सुरुवातीला त्याच गावच्या माणसाचे गाणे किंवा ओवी, मग निरोप, शेवटी मागच्या वर्षी ज्याचा ऊस गेला त्याच्याच तोंडून अनुभव. वळीव पडेल त्या दिवशी दुपारी चारला ते देवळाच्या भोंग्यावरून लावायचे. त्यासाठी दोन गोष्टी पंधरा एप्रिलपूर्वी गट कार्यालयात कळवा. आपल्या शिवारात निंब, बाभूळ, बोरीची झाडे कुठे कुठे आहेत, आणि आपल्या गावात ज्याचा आवाज लांबवर जातो असे माणूस कोण आहे.