धाग्याला काय चिकटतं

यावल-फैजपूर पट्ट्यात रसायनशास्त्र शिकवताना कापूस, केळीचा धागा आणि लोकर काचेच्या नळीत भरून त्यांतून वनस्पतींचे अर्क गाळण्याचा आणि अर्कातले घटक वेगळे करण्याचा नाद लागला. या कामाला नेहमी वापरतात त्या सिलिका जेलचा डबा महाग पडतो आणि केळीची खोडं इथे बांधाबांधावर पडलेली असतात, एवढंच निमित्त. त्यातून हाताला जे लागलं ते सांगतो.

१. आधी डाग वाचायला शिका.
केळीचा घड कापला की दांड्यातून गळणारा चीक पाण्यासारखा दिसतो. सदऱ्यावर पडून वाळला की तोच तपकिरी, मग काळपट होतो. एक केळी कापणारा मजूर मला म्हणाला, ‘सर, कपडा फाटतो, पण डाग हटत नाही.’ चिकातले पॉलिफेनॉल हवेने काळवंडतात आणि कापसाच्या सेल्युलोजला घट्ट धरून बसतात. हळदीचंही तसंच. वनस्पतींच्या बऱ्याच रंगांना सुती कपड्यावर टिकायला तुरटी लागते. कर्क्युमिनला लागत नाही. रेणू लांबट, चपटा, त्यावर फेनॉलचे हायड्रॉक्सिल गट; सेल्युलोजच्या साखळीवरही हायड्रॉक्सिलच. दोघांत हायड्रोजन बंध जुळतात. अधिशोषण, म्हणजे द्रव्य पृष्ठभागाला चिकटणं, शिकवायला मी पुस्तक नंतर उघडतो, लग्नघरातला हळदीचा पंचा आधी मागवतो.

२. कच्चा कापूस तसाच नळीत भरू नका.
बोंडातल्या कापसावर मेणाचा थर असतो, तो पाण्यावर तरंगतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा, खळखळून धुवा, मग पाहा कसा बुडतो ते. औषधाच्या दुकानातला कापूस आधीच असा धुतलेला असतो. तो दहा सेकंदांच्या आत बुडला पाहिजे, असा औषधकोशाचा नियमच आहे. केळीच्या धाग्याची गोष्ट वेगळी. त्यात लिग्निन असतं, त्यामुळे तो काही फेनॉल कापसापेक्षा बरे धरतो, पण स्वतःचाही तपकिरी रंग सोडत राहतो. म्हणून आधी पाण्याने, मग पातळ अल्कोहोलने, उतरणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचा, आणि अर्क न घालता एक कोरा प्रयोग करायचाच. नाहीतर धाग्याचंच द्रव्य तुम्ही अर्कातलं म्हणून मोजाल.

३. धाग्याकडून सिलिकाची अपेक्षा ठेवू नका.
एक ग्रॅम सिलिका जेलचं पृष्ठफळ कित्येकशे चौरस मीटर भरतं, सक्रिय कोळशाचं हजाराच्या घरात जातं; कापसाचं जेमतेम एक-दोन. माल थोडाच धरला जाणार. फायदा दुसरीकडे आहे: धाग्याची नळी तुंबत नाही. गाळ, चिकटपणा असलेला काढाही त्यातून सरळ उतरतो.

४. खरं काम सोडवण्यात आहे.
हे मला त्स्वेटच्या कामातून नीट उमगलं. क्रोमॅटोग्राफीचा हा जनक. पानांतली हिरवी द्रव्यं नुसत्या पेट्रोलियम ईथरमध्ये उतरत नाहीत, थोडं अल्कोहोल घातलं की उतरतात, हे त्याला दिसलं. मग त्याने तीच द्रव्यं गाळण कागदावर, म्हणजे निव्वळ सेल्युलोजवर चढवून पाहिली. कागदही तसाच वागला. पान त्यांना कोंडून ठेवत नव्हतं, धागा त्यांना धरून होता. १९०३ सालच्या त्याच्या व्याख्यानामागचा धागा हाच. पुढे क्रोमॅटोग्राफीतल्याच कामासाठी मार्टिन आणि सिंज यांना १९५२चं नोबेल मिळालं. कागदावरची क्रोमॅटोग्राफी मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४४मध्ये मांडली होती.
म्हणून नळीतून एकदम कडक द्रावक ओतू नका. आधी निव्वळ पाणी: साखर, क्षार, डिंक निघून जातात. मग पाण्यात अल्कोहोल वा ॲसिटोन पायरीपायरीने वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीची बाटली वेगळी ठेवा. मुलं घाई करतात, सगळं एकाच चंचुपात्रात गोळा करतात. मग वेगळं काय केलंत, असं विचारावं लागतं.

५. टॅनिन हवं असेल तर कापूस सोडा, लोकर घ्या.
चर्मोद्योगात टॅनिन मोजायची जुनी रीत आहे: अर्क कातडीच्या भुकटीबरोबर घुसळायचा, टॅनिन कातडीच्या कोलॅजनला चिकटतं, बाकीचं पाण्यात उरतं. लोकरही प्रथिनच. आपल्याकडे ठेलारी मेंढ्या घेऊन शिवारातून जातात, त्यांच्याकडची जाडीभरडी लोकर या कामाला चालते. चरबी तेवढी साबणाने काढावी लागते. हिरड्याच्या काढ्यात चेब्युलिनिक आम्ल या टॅनिनचा रेणू ९५६ वजनाचा, गॅलिक आम्लाचा १७० चा. मोठा रेणू अनेक हातांनी प्रथिनाला धरतो, लहान बराचसा पाण्यात राहतो. नंतर ७० टक्के ॲसिटोनने लोकर धुतली की धरलेल्यातलं बरंच सुटतं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की निळसर काळा रंग साक्ष देतो. पण गॅलिक आम्लही तसाच रंग देतं, तेव्हा जिलेटिनची चाचणी सोबत हवी: टॅनिन असेल तर गढूळ साका बसतो.
अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतही हेच तत्त्व आहे. मिठाईतला कृत्रिम रंग ओळखताना आम्लात पांढरी लोकर उकळतात, ती रंग ओढते, अमोनियात सोडते, पुन्हा आम्ल केल्यावर नवी लोकर तो परत घेते. बहुतेक नैसर्गिक रंग या दुसऱ्या फेरीत टिकत नाहीत.

६. मे महिन्यातले निकाल जानेवारीच्या निकालांशी ताडू नका.
आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. हायड्रोजन बंध उष्णतेने ढिले पडतात, कापूस कमी धरतो. वर ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तुमची ‘७० टक्के’ दुपारपर्यंत ७० राहत नाही. लोकर मात्र उलट. तिच्यावर खवले असतात, थंड पाण्यात ती आळशी. साठाच्या वर गरम केली तरच रेणू आत शिरतो.

७. बोअरचं पाणी वापरू नका, लोखंडी घमेलंही नको. लोखंडाचा अंश आला की काढा काळा पडतो आणि सगळे मापनाचे आकडे वाया जातात.

८. अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. त्यात वर्ष घालवायचं नसेल तर ॲसिटोनवर प्रयोग बेता.

९. ‘औषधी घटक मिळाला’ असं वहीत लिहू नका.
नळीतून उतरलं ते फक्त एक वेगळं झालेलं द्रव्य. त्याचा परिणाम तपासणारे लोक वेगळे, त्यांची शिस्त वेगळी.

१०. माल कुठून आणलात, ते बाटलीवर लिहा.
यावलचं अभयारण्य १९६९चं आहे. तिथून फांदी तोडून आणायची नसते. पळसाची फुलं बांधावर वेचता येतात, हिरडा काष्ठौषधीच्या दुकानातून घ्यावा. पण कोवळ्या आणि पिकलेल्या फळातलं टॅनिन सारखं नसतं. नुसतं ‘हिरडा द्या’ म्हटलंत, तर बाळहिरडा की सुरवारी, असं दुकानदारच विचारतो.