दसऱ्याचे दुकान आणि लेखकाची मुदत



वाणिज्य शाखेच्या पुस्तकात माल, भांडवल, मजुरी यांचा विचार असतो. संकेतस्थळावर दुकान उघडले की आणखी एक गोष्ट विकत घ्यावी लागते, ती म्हणजे मजकूर. तिथे गिऱ्हाइकाला साडी हातात घेऊन पाहता येत नाही. छायाचित्र आणि शेजारचे चार ओळींचे वर्णन, एवढ्यावरच ते पैसे मोजते. हे वर्णन बहुधा पगारी माणूस लिहीत नाही. घरी बसून, कामाप्रमाणे मानधन घेणारे फ्रीलान्स लेखक लिहितात. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी व हिंदी दोन्ही येतात, तेव्हा पुढे त्यांच्यातले काही लिहिणारे होतील, काही लिहून घेणारे. म्हणून हा पाठ दोघांसाठी आहे.

समजा, आपल्याला दसऱ्यापासून महेश्वरी साड्या संकेतस्थळावर विकायच्या आहेत. साड्या ६०, वर्णने हिंदीत व मराठीत, म्हणजे एकूण १२०. दोन लेखक घेतले, प्रत्येकाकडे ६०. आता बहुतेक दुकानदार काय करतात? "दसऱ्याच्या आत द्या" असे सांगून मोकळे होतात. लेखक "हो, हो जाएगा" म्हणतो. इथेच काम बिघडते, कारण दसरा ही दुकानाची मुदत आहे, लेखकाची नव्हे.

दसऱ्यापासून मागे मोजत या. मजकूर संकेतस्थळावर चढवायला २ दिवस. वर्णन आणि साडी जुळते की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यायला ३ दिवस. आजारपण, वीज, इंटरनेट, घरचे कार्य यांसाठी ५ दिवस हाताशी ठेवा. हे झाले १० दिवस, म्हणजे जवळजवळ सगळे नवरात्र. तेव्हा लेखन घटस्थापनेपूर्वी संपले पाहिजे. लेखनाला १५ दिवस धरले तर सुरुवात अनंत चतुर्दशीच्या सुमारास येते. पितृपक्षात खरेदी मंद असते, दुकानदाराला लेखकाच्या शंकांना उत्तरे द्यायला सवड असते. सोय आपोआपच झाली!

हे १५ दिवसही एका दमात देऊ नयेत. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक लेखकाकडून फक्त ५ वर्णने मागवा. तिसऱ्या दिवशी ती वाचून काय हवे, काय नको ते स्पष्ट कळवा. उरलेली ५५ दर तीन दिवसांनी १५, १५, १५ आणि १० अशी घ्या. एखादा लेखक मागे पडतो आहे हे सहाव्या दिवशी कळले तर दुसरी व्यवस्था करता येते. चौदाव्या दिवशी कळून काय उपयोग?

मात्र लेखकाला उशीर का होतो, हे प्रामाणिकपणे पाहिले तर निम्म्या वेळा कारण दुकानातच सापडते. छायाचित्रे उशिरा पाठवली, धाग्याची माहिती दिलीच नाही, चार जणांनी चार प्रकारच्या दुरुस्त्या सांगितल्या. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा व आडवा सुताचा असतो. तिचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणतात. हे लेखकाला सांगितले नाही, तर तो बिचारा "शुद्ध रेशमी" असे लिहून मोकळा होतो. गिऱ्हाईक साडी परत पाठवते, आणि ती परत घ्यावीच लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. तेव्हा काम देताना प्रत्येक साडीचा धागा, लांबी, काठ, पदर आणि धुण्याची सूचना यांचा तक्ता सोबत द्यावा, आणि दुरुस्त्या एकाच माणसाने कळवाव्यात.

आता कायद्याचे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५५ मुदतीविषयी आहे. ठरलेली वेळ हा कराराचा गाभा आहे असा दोघांचा हेतू असेल, तर उशीर झाल्यास काम देणाऱ्याला करार रद्द करता येतो. तसा हेतू नसेल तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. पण वेळ हा गाभा असूनही उशिरा आलेले काम तुम्ही काही न बोलता स्वीकारलेत, तर नंतर "उशीर झाला होता" म्हणून भरपाई मागता येत नाही; स्वीकारतानाच तसे कळवावे लागते. कित्येक दुकानदार लेख मुकाट्याने वापरतात आणि महिन्याने मानधन कापतात. ही पद्धत मला अन्यायाची वाटते.

दुसरा मुद्दा हक्काचा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचा असतो. मुक्त लेखकाच्या बाबतीत तो सामान्यतः लेखकाकडेच राहतो. हस्तांतर लेखी व सहीनिशी व्हावे लागते, आणि त्यात काळ लिहिला नसेल तर ते ५ वर्षांचे धरले जाते. नुसते पैसे दिले म्हणजे मजकूर कायमचा आपला झाला, ही समजूत चुकीची आहे.

आणि मानधनाला मुदत नाही का? लेखकाने सूक्ष्म उद्योग म्हणून "उद्यम" नोंदणी केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी नसलेल्या लेखकाला हे संरक्षण मिळत नाही. त्याने निदान प्रत्येक हप्त्याचे पैसे पुढचा हप्ता देण्यापूर्वी मागावेत, आणि यात संकोच करू नये.

अकरावी-बारावीतल्या मुलामुलींनी असे काम घेताना पालकांना आधी दाखवावे. १८ वर्षे पूर्ण नसलेल्या व्यक्तीवर करार बंधनकारक होत नाही, म्हणून जाणते दुकानदार अशा मुलांशी थेट व्यवहार करायला कचरतात. कामाचा तक्ता, हप्त्यांच्या तारखा, दर आणि पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, एवढे एका कागदावर लिहून त्यावर आई किंवा वडिलांची सही घ्यावी. परीक्षेच्या तारखाही त्याच कागदावर लिहाव्यात.