जुन्या आर. एक्स. १०० चे गणित

यवतमाळच्या रस्त्यावरून एखादी यामाहा आर. एक्स. १०० गेली, की माना वळतात. जपानी आराखड्याची ही मोटारसायकल भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार होत असे. आज संग्राहक तिला चांगली किंमत देतात. पण चकचकीत रंग फसवू शकतो.

तिच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५ सें.मी. आणि दट्ट्याची धावही ५ सें.मी.

आकारमान = π/४ × व्यासाचा वर्ग × धाव = ०.७८५ × २५ × ५ = सुमारे ९८ घन सें.मी.

सिलिंडर झिजला, की तो आतून कातून मोठा दट्ट्या बसवतात. दर वेळी भिंत पातळ होते. म्हणून जाणकार आधी व्यास मोजतो, मग भाव करतो.

व्यास ५.१ सें.मी. झाल्यास आकारमान किती?

(उत्तर : सुमारे १०२ घन सें.मी.)