मिग-२१ ची प्रतिकृती आणि तैलरंगाचा वॉश

नुकतीच रंगवलेली प्रतिकृती खेळण्यासारखी भासते, कारण खऱ्या विमानाच्या अंगावर उमटलेला काळ तिच्यावर दिसत नाही. धावपट्टीवरची धूळ, इंजिनाची काजळी, सांध्यांतून पाझरलेले तेल हे सारे दाखवण्यासाठी प्रतिकृतिकार तैलरंगाचा वॉश वापरतात. द्रावकात तैलरंग मिसळून तो गढूळ पाण्याइतका पातळ केला की झाला वॉश. पत्र्याच्या सांध्याची जी रेषा प्रतिकृतीवर कोरलेली असते, तिला कुंचल्याचे टोक टेकताच तो केशाकर्षणाने पुढे सरकतो. अनित्यतेचा जो पाठ सकाळच्या वंदनेनंतर होतो, तोच छंदवर्गात कुंचल्याने होतो म्हणा ना!

आमच्या छंदवर्गात यासाठी मिग-२१ हे विमान घेतले जाते. १९६३ मध्ये ते भारतीय वायुसेनेत आले, २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्यांपैकी शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझर येथे बांधली गेली. विद्यार्थी बहुधा प्रथम काळा रंग उचलतात. आमचे मत त्याविरुद्ध आहे. या विमानाचा पंखविस्तार सुमारे ७.१५ मीटर, १:७२ प्रमाणात तो १० सेंटिमीटरांत मावतो. पत्र्यांमधली ३ मिलिमीटरची फट तेथे मिलिमीटरच्या चोविसाव्या भागाएवढी उरते. तीत काळाभोर रंग भरला की विमानावर शहाबादी फरशी बसवल्यासारखे दिसते.

वॉशचा रंग मूळ रंगावरून ठरवावा. सुरुवातीच्या चकचकीत धातूच्या मिगला पेन्स ग्रे आणि त्यात किंचित बर्न्ट अंबर शोभतो. १९७१ च्या युद्धकाळातील हिरव्या-तपकिरी पट्ट्यांवर नुसता बर्न्ट अंबर पुरे. त्याची लालसर छटा हिरव्यावर चटकन उठते. नंतरच्या फिकट राखाडी विमानांचे काम सर्वांत नाजूक. तेथे मूळ राखाडीहून थोडाच गडद राखाडी घ्यावा आणि मातकटपणासाठी रॉ अंबरचा केवळ स्पर्श द्यावा.

रंग चांगल्या प्रतीचा, बारीक दळलेला असावा. तो तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवल्यास जादा जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वॉश लवकर, चमक न ठेवता वाळतो. द्रावक म्हणून मिनरल टर्पेंटाइन सौम्य पडते. प्रतिकृतीचा मूळ रंग अॅक्रिलिक असावा आणि त्यावर चमकदार अॅक्रिलिक वार्निशचा पूर्ण वाळलेला थर हवा. खरखरीत पृष्ठभागावर वॉश रेषेत न वाहता डागासारखा पसरतो. इनॅमलचा मूळ रंग तर द्रावकाने सुटूनच येतो. महिनाभराची मेहनत अशी दोन मिनिटांत वाया जाऊ शकते. सांध्यांवर द्रावकाचे थारोळेही साचू देऊ नये, त्याने प्लॅस्टिक तडकू शकते.

अर्ध्या तासाने जादा रंग पुसावा. पंखांवर फडके हवेच्या झोताप्रमाणे पुढून मागे न्यावे, म्हणजे उरलेली पुसट रेघ तेलाच्या खऱ्या ओघळासारखी दिसते. शेपटाकडे, जेथे इंजिनाची झळ लागते, तेथे हात सैल सोडावा. नाकाकडे मात्र आवरावा. वायुसेनेची विमाने नित्य पुसली जातात, ती भंगारात पडलेली नसतात!

खिडक्या उघड्या ठेवूनच हे काम करावे. तेलरंगाची फडकी बोळा करून डब्यात कोंबू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. मुले निवासी असल्याने हा नियम आम्ही कुंचला हातात देण्यापूर्वीच शिकवतो.