धान्यातली गोळी, घरातली माणसं

धान्याच्या कोठीत टाकायची गोळी, ढेकणांसाठी खाटेच्या फटीत मारायचं औषध आणि कणकेच्या गोळ्याला लावायची उंदराची पेस्ट, या तीन वस्तू आपल्याकडच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या फळीवरच सापडतात. घरातल्या किडीबद्दल आजवर जे पाहिलं, वाचलं आणि जाणत्यांकडून समजून घेतलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कीड टिकते ती घरात मिळणाऱ्या अन्नावर, पाण्यावर आणि आडोशावर. या तीन गोष्टी तोडल्याशिवाय विष कितीही वापरलं तरी कीड परत येते, आणि चुकीचं विष घरात आलं तर जीव माणसांचा जातो. पावसाळा तोंडावर आला की वर्षाचं धान्य भरलं जातं, उंदीर घराचा आसरा शोधतात, वाळवी भिंत चढू लागते आणि विषाची खरेदी वाढते. म्हणून हे सगळं तपशिलात सांगणं मला गरजेचं वाटतं.

सर्वांत घातक आहे ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. साधारण तीन ग्रॅम वजनाच्या या गोळीला हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. किडे मरतात ते या वायूने. मोठ्या गोदामांत धान्याच्या थप्पीवर हवाबंद आच्छादन घालतात, त्याच्या कडा जमिनीशी दाबून बंद करतात, कित्येक दिवस वायू आत कोंडून ठेवतात आणि नंतर पुरेशी हवा खेळू दिल्याशिवाय माणसांना जवळ जाऊ देत नाहीत. घरातल्या पत्र्याच्या कोठीला किंवा प्लास्टिकच्या पिंपाला अशी हवाबंदी नसते. झाकणाच्या फटीतून वायू खोलीत येतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे खालच्या बाजूला रेंगाळतो आणि दारं-खिडक्या लावून झोपलेल्यांच्या श्वासात जातो. इमारतीत तो भिंतीतल्या भेगांतून, पाइपभोवतीच्या फटींतून आणि डक्टमधून शेजारच्या घरातही पोचू शकतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो असं सांगतात, पण तो वास वायूतल्या इतर घटकांचा असतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. म्हणून वास आला नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. हा वायू शरीरातल्या पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रियाच रोखतो, हृदय निकामी करतो, आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. म्हणूनच केंद्र सरकारने २००१ मध्ये या गोळ्यांच्या १० आणि २० नगांच्या नळ्यांवर बंदी घातली आणि या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे पेस्ट कंट्रोल व्यावसायिक यांच्यापुरता मर्यादित आहे. एखाद्या दुकानदाराने सुटी गोळी कागदात बांधून दिली, तर तो नियम मोडतो आहे आणि आपण मृत्यू घरी नेतो आहोत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : आमच्याकडे कैक वर्षं धान्यात गोळी टाकतात, कुणाला काही झालं नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. जुन्या वाड्यातली धान्याची खोली झोपायच्या खोलीपासून लांब असे, कौलांतून आणि झरोक्यांतून वारा खेळत असे. आज तेच पिंप दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली असतं आणि खिडक्यांना काचा असतात. गोळी तीच राहिली, घर बदललं. शिवाय ज्या घरात अपघात झाला त्या घरानेही त्याआधी अनेकदा ती बिनधोक वापरलेली असू शकते. हवेत ओलावा किती, झाकण किती घट्ट, गोळ्या किती, खिडकी उघडी की बंद, यांचा मेळ कोणत्या रात्री जीवघेणा जमेल हे आधी कळत नाही. ‘आजवर काही झालं नाही’ या वाक्यातून फक्त आजवरचं नशीब कळतं.

गोळीची गोष्ट ढेकणांच्या औषधाला आणि उंदराच्या पेस्टलाही लागू आहे. डायक्लोरव्हॉस हे पिकांवरचं कीटकनाशक गाद्यांवर आणि खाटांवर मारण्याची सवय आपल्याकडे खूप फैलावली होती. २०१८ च्या सरकारी आदेशानुसार त्याच्या विक्रीवर आणि वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली माळ्यावर असेल तर ती आजही तितकीच विषारी आहे. शेतीचं कीटकनाशक काय करू शकतं हे २०१७ साली यवतमाळने पाहिलं. तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. उघड्या रानात हे घडतं, तर बंद खोलीत, रात्रभर तोंड टेकवायच्या उशीजवळ त्याच जातीचं विष मारणं किती धोक्याचं, याचा विचार ज्याने त्याने करावा. उंदराच्या पेस्टमध्ये अनेकदा पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेल्यावर मळमळ, उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होतं. यालाही उतारा नाही. ब्रोमाडिओलोनसारखी गोठणविरोधी उंदीरनाशकंही विषच आहेत, पण ती सावकाश काम करतात आणि त्यांच्यावर जीवनसत्त्व ‘के’चा उपचार आहे. विष वापरायचंच झालं तर निदान ज्याला उतारा आहे ते निवडावं, आणि तेही कुलपाच्या पेटीत, मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाताबाहेर ठेवावं. विषारीपणा ओळखायला डब्यावरचा रंगीत त्रिकोण पुरेसा आहे : लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या वस्तूला राहत्या घरात जागा नाही.

विष धोक्याचं असलं तरी ते काम तर करतं, असं म्हणणाऱ्यांनी किडीची जीवनपद्धती बघावी. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीत दिसणारं छोटं तपकिरी जर्मन झुरळ अंड्यांच्या एका कोशात तीस-चाळीस अंडी घालतं आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत मादी तो कोश अंगावर वागवते. कोशातल्या अंड्यांवर फवाऱ्याचा परिणाम होत नाही. वरची झुरळं मरतात, उरलेली फवाऱ्याच्या वासाने पांगून शेजारच्या कपाटात जातात आणि काही आठवड्यांत नवी पिढी तयार होते. त्यातून जी वाचतात ती त्या औषधाला दाद न देणाऱ्या जातकुळीची असतात. ढेकणांचंही तसंच. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना न जुमानणारे ढेकूण आता जगभर सापडतात, आणि पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताविना काही महिने तग धरतो. डासांसाठी गल्लीत धूर फवारला की उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. घरात लावलेल्या कॉइलचा धूर तर आपल्याच छातीत जातो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके मोजले गेले होते.

मग करायचं काय? धान्यापासून सुरुवात करू. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक बुजवते, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातूनही महिन्याभराने किडे निघतात. ओलसर दाण्यात ही वाढ झपाट्याने होते. उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन देऊन, पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरणं हा यावरचा मूळ उपाय. ऊन दाणा वाळवतं आणि त्यातली बरीच कीडही मारतं. कडधान्यावरचा भुंगा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो. तुरीला, मुगाला हलकं एरंडेल चोळलं की त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. घरोघरची ही रीत शास्त्राला धरून आहे. रवा, मैदा, बेसन थोडंच आणावं आणि आणल्यावर काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं, म्हणजे आतली अंडी मरतात. नव्या धान्यात जुनं मिसळू नये, कारण तळाशी उरलेल्या पसाभर धान्यातूनच कीड पुढच्या वर्षात जाते. पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टिकड्या धान्यात ठेवू नयेत. पारा मज्जासंस्थेचं आणि मूत्रपिंडाचं विष आहे.

झुरळाला अन्नापेक्षा पाण्याची निकड मोठी. पाण्याविना ते साधारण दोन आठवडेच जगतं, म्हणून सिंकखालची गळती, रात्रभर भिजत पडलेली भांडी आणि ओलं पायपुसणं ही त्याची खरी पाणपोई. ती बंद करून बिजागऱ्यांजवळ, फ्रीजच्या मागे झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके लावावेत. त्यावर फवारा मारू नये, नाहीतर झुरळ जेलकडे फिरकत नाही. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो, म्हणून पाइपभोवतीची फट आधी तारेच्या घासणीने आणि मग सिमेंटने बुजवावी, मोरीच्या जाळीची भोकं तपासावीत आणि पिंजरा लावावा. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तेव्हा पावसाळ्यात ही कामं टाळू नयेत. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही जिवंत असतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. ढेकूण मात्र अस्वच्छतेमुळे येत नाहीत. प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून ते कुणाच्याही घरात शिरतात, त्यामुळे लाजेने लपवू नये. चादरी कडकडीत पाण्यात धुणं, गादीच्या शिवणीवर आणि खाटेच्या सांध्यांत वाफ सोडणं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करणं याने ते आटोक्यात येतात, कारण पन्नास अंशांवरची उष्णता त्यांच्या अंड्यांनाही झेपत नाही.

चाळीत किंवा सोसायटीत एका घराने हे करून काय होणार, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तरही त्यातच आहे. कीड इमारतीची असेल तर उपायही इमारतीनेच करायला हवा : कचरा रोज उचलणं, डक्ट साफ ठेवणं, गटारांची झाकणं बसवणं, टाक्या झाकणं हे सोसायटीच्या सभेत मांडायचे विषय आहेत. तरी एका घराने फटी बुजवल्या आणि गळती थांबवली तर त्या घरातला उपद्रव नक्की कमी होतो. दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी सांभाळून एवढं कोण करणार? पण गळका नळ एकदाच दुरुस्त करायचा असतो, फट एकदाच बुजवायची असते. फवारा दर महिन्याला मारावा लागतो. आणि हे काम एकट्या गृहिणीच्या गळ्यात टाकू नये, घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : रोगाची साथ आली, वाळवी घराच्या लाकडात शिरली, तर विष लागतंच. मान्य. वाळवीचं घर जमिनीत असतं. भिंतीवरची मातीची नळी मोडून ती थांबत नाही, ओल काढावी लागते आणि जमिनीत औषधही सोडावं लागतं. माझा विरोध नेमक्या जागी, नेमक्या प्रमाणात, प्रशिक्षित माणसाने वापरलेल्या औषधाला नाही.

अशा माणसाला बोलावताना मात्र चार प्रश्न विचारावेत : परवाना आहे का, औषधाचं नाव काय, त्रिकोण कोणत्या रंगाचा, आणि घरात परत कधी यायचं. उत्तरं लेखी मागावीत. ‘सगळं हर्बल आहे, घरात बसलात तरी चालेल’ एवढंच उत्तर मिळालं, तर काम देऊ नये. शेजारी फवारणी होणार असेल तर कोणतं औषध वापरणार हे आपणही विचारावं. फवारणीनंतर किंवा गोळी ठेवल्यानंतर घरात एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी मळमळ, उलट्या, छातीत जडपणा, चक्कर जाणवली, तर ते जेवण बाधल्याचं लक्षण समजून झोपू नये. सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावं, १०८ ला फोन करावा आणि औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवावा. विष पोटात गेलं असेल तर उलटी करवण्याच्या किंवा मीठ-पाणी पाजण्याच्या फंदात पडू नये. फॉस्फाइडच्या गोळीला पाणी मिळालं की वायू आणखी वेगाने सुटतो.

हे वाचून झाल्यावर कोठी, माळा आणि सिंकखालचं कपाट एकदा उघडून पाहा. बिनलेबलाची बाटली आणि लाल-पिवळ्या त्रिकोणाचा डबा सापडला तर मुलांच्या हाती लागणार नाही असा वेगळा ठेवा. तो मोरीत ओतू नका, नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, घातक कचऱ्याची सोय नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. धान्यात गोळी सापडली तर दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि जाणकाराला बोलावून मगच ती हलवा. किडलेलं धान्य चाळता येतं, फार तर फेकता येतं. त्यासाठी घरातल्या कुणाचा जीव धोक्यात घालू नका.