लेझरला न दिसणारी लव

चेहऱ्यावरची किंवा हातापायांवरची लव घालवायला लेझरचं पॅकेज घेणार असाल, तर पैशांची बोलणी करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमचे केस काळे आहेत का? ते सोनेरी, तांबूस, फिकट पिंगट किंवा पांढरे असतील, तर लेझरचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. मशीन कितीही महागडं असो आणि सिटिंग कितीही घ्या. मला हे पैसे भरून झाल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं, सासर महाडचं. माहेरी आजीपासून सगळ्यांचे डोळे घारे आणि केस पिंगट. कोकणात असे चेहरे काही नवलाचे नाहीत. माझा रंग मात्र गव्हाळ, उन्हात लगेच रापणारा. कानशिलापासून जबड्यापर्यंत सोनेरी लव आणि हनुवटीवर मोजके जाड, काळे केस. पार्लरमध्ये थ्रेडिंग करून भागत होतं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, दर पंधरा दिवसांनी कशाला दोरा ओढून घेताय? एकदाच काय ते लेझर करून टाका." भावोजींनी पुण्यातलं एक सेंटर शोधूनही दिलं.

तिथे गोड बोलणाऱ्या मुलीने फॉर्म भरून घेतला. नाव, फोन, पैसे रोख देणार की हप्त्याने. गालाला हात लावून केस कुणी पाहिले नाहीत. ब्लीच करता का, पाळी नियमित आहे का, कुठली औषधं चालू आहेत, असलं काही विचारलं नाही. "आज बुक केलं तर फुल फेस सवलतीत" एवढं मात्र दोनदा सांगितलं. जाहिरातीत 'कायमचे केस निर्मूलन' असं ठळक छापलेलं होतंच.

काही महिन्यांत हनुवटीवरचे काळे केस खरंच विरळ झाले. गालांवरची लव जशीच्या तशी. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, पॉवर वाढवू." ती वाढवली त्या दिवशी जबड्यावर मिरची लागल्यासारखी आग झाली आणि आठवडाभरात पट्ट्यापट्ट्याचे तपकिरी डाग उमटले. डाग पुसट होत आले तोवर जबड्याखालची लव पहिल्यापेक्षा लांब आणि राठ दिसायला लागली. सेंटरचं म्हणणं, हार्मोन्समुळे असेल, अजून सिटिंग घ्या.

मग मी रीतसर त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी खिडकीच्या उजेडात चेहरा पाहिला, मग भिंगातून. नंतर चिमट्याने हनुवटीवरचा एक आणि गालावरचा एक केस उपटून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवला. हनुवटीचा केस रेघेसारखा उठून दिसत होता. गालाचा कुठे ठेवलाय ते कागद तिरका केल्याशिवाय सापडेना. "तुम्हाला जो सापडत नाही, तो लेझरला कसा सापडेल?" त्या म्हणाल्या. सेंटरमधल्या सगळ्या सिटिंगांत मिळालं नव्हतं ते उत्तर मला तिथे मिनिटभरात मिळालं.

यामागचं शास्त्र असं. केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळाला जाळते. अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये हे तत्त्व मांडलं, तेव्हापासून सगळी यंत्रं त्याच पायावर उभी आहेत. सोनेरी आणि पांढऱ्या केसांत हे काळं मेलॅनिन नसतं किंवा नावापुरतं असतं. तांबूस केसांत असतं ते वेगळ्या जातीचं, प्रकाश फारसा न शोषणारं. उष्णता तयारच झाली नाही, तर मूळ जळणार कसं?

आपल्याकडे अडचण दुप्पट होते, कारण मेलॅनिन त्वचेतही असतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर फिकट केस असले, की प्रकाश केसापर्यंत पोचण्याआधी त्वचाच तो पिऊन टाकते. पॉवर वाढवली तर केस शाबूत राहतो आणि कातडी भाजते. माझे डाग तसे आले. आणि लव वाढली तीही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. गाल, जबडा आणि मान या भागांत लेझरनंतर केस उलट वाढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. सावळी त्वचा आणि हार्मोन्सचा असमतोल असलेल्या बायकांत ती जास्त दिसतात. मूळ जाळायला अपुरी पडलेली उष्णता झोपलेल्या लवेला जागं करते, असा डॉक्टरांचा कयास आहे.

आता तुमच्या कामाचं.

केस दिवसाउजेडी बघून घ्या. जाड काळे असतील तर लेझर चांगलं लागू पडतं. तपकिरी असतील तर कमी. बारीक सोनेरी लवेसाठी त्या वाटेला जाऊ नका. मात्र तुम्ही ब्लीच करून केस सोनेरी केले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. ब्लीच वरच्या केसाचा रंग उडवतं, मूळ काळंच असतं. अशा वेळी ब्लीच थांबवून नवा केस येऊ देतात आणि मग ठरवतात.

पाळी अनियमित असेल, मुरुमं आणि वजन वाढत असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी आधी करा. कारण तसंच राहिलं तर लेझरने गेलेल्या केसांच्या जागी नवे येत राहतात. थोड्या महिन्यांत एकाएकी केस वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर पार्लर आणि लेझर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

लेझर करायचंच ठरलं, तर महिनाभर आधीपासून थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा बंद. मूळच उपटलेलं असेल तर लेझर जाळणार काय? रेझर चालतो, त्याने केस जाड होत नाहीत. टोक बोथट कापलं जातं म्हणून बोटाला राठ लागतं इतकंच. आपल्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरात कमी शोषला जातो. मशीन कोणतं ते विचारायला लाजू नका. कानामागे किंवा जबड्याखाली छोटा पॅच करून दोन-तीन दिवस थांबा. तिळावर आणि गोंदणावर लेझर फिरवू देऊ नका. आमच्याकडे जुन्या बायकांच्या हनुवटीवर, कपाळावर गोंदण असतं. ती शाई तापते आणि फोड येतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि भुवईच्या खालच्या बाजूला लेझर नको.

महाड-पोलादपूरच्या बायकांनी वेळापत्रकही नीट मांडावं. चेहऱ्याला सहा ते आठ सिटिंग लागतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे लग्नाच्या आधी आठ-दहा महिने हाताशी हवेत. राब भाजायच्या दिवसांत शेतावर ऊन खाऊन आलेल्या रापलेल्या चेहऱ्यावर लेझर करू नये, डाग पडायची भीती तेव्हाच सर्वांत जास्त. उन्हाच्या हिशेबाने पावसाळा बरा, पण पुण्याला जाणाऱ्यांना त्याच वेळी वरंध घाट दरडींपायी बंद मिळतो आणि माणगावहून ताम्हिणीचा फेरा पडतो. सिटिंग चुकत गेली की परिणाम विस्कळीत होतो. त्यापेक्षा जवळचा तज्ज्ञ शोधलेला बरा. त्यांची पदवी त्वचारोगातली आहे का ते पाहा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणीही तपासता येते.

ऑनलाइन मिळणारी घरगुती आयपीएल यंत्रंही मेलॅनिन तापवण्याच्या तत्त्वावरच चालतात, त्यामुळे फिकट केसांना तीही निरुपयोगी. फिकट केस मुळापासून घालवणारी पद्धत एकच, इलेक्ट्रोलिसिस. 1875 मध्ये चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने पापणीचे आत वळलेले केस काढायला ती वापरली होती. बारीक सुई मुळाशी नेऊन विजेने मूळ नष्ट करतात. केसाचा रंग कोणताही असो, चालतं. पण एकेक केस घ्यावा लागतो, म्हणून हनुवटीवरच्या दहा-वीस पांढऱ्या केसांना ती सोयीची, गालभर लवेला नाही. लवेची वाढ मंदावणारं एफ्लोर्निथिन मलम डॉक्टर देऊ शकतात. ते थांबवलं की साधारण दोन महिन्यांत केस पूर्ववत होतात.

मी आता हनुवटीपुरतं लेझर डॉक्टरबाईंकडे करते आणि गालांना दोरा. लग्नाच्या फोटोत लव काही दिसली नाही, डाग मात्र दिसले.

पैसे भरताना 'कायमचे' या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेचं औषध प्रशासनही लेझरला केस कायमचे कमी करणारं म्हणू देतं, कायमचे नाहीसे करणारं नाही. एकरकमी पॅकेजऐवजी सिटिंगमागे पैसे द्या आणि दर वेळी पावती घ्या. फसवणूक झालीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, सेवा पुण्या-मुंबईत घेतली असली तरी, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. महाड-पोलादपूरकरांचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. मुदत 2 वर्षांची, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी सल्ला हवा तर 1915 वर फोन करा.

पण तिथवर जायची वेळ येऊ नये. पहिल्या भेटीत तुमचा गाल भिंगातून न पाहता जो पॅकेजचा आकडा सांगतो, त्याच्या खुर्चीतून सरळ उठून या.